खजूरपुऱ्यातला एकमेव हैसियतदार

शेषराव मास्तरांनी सरकारी कागदावर आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं आणि तेही स्वतःबद्दल. बाकीच्या बासष्ट घरांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. ते फक्त लोकांनी सांगितलं तसं होतं. हा फरक त्यांनी पुढे कचेरीत फार कळकळीने समजावून सांगितला, पण कारकून पुंजाराम तेव्हा पानाला चुना लावत होता.

ही छत्तीस सालची गोष्ट. वऱ्हाडातल्या शहरांतली वस्ती वाढते आहे की घटते आहे, आणि लोकांची कमाई चढते आहे की उतरते आहे, हे आपल्याला ठाऊक असावं असं नागपूरच्या सरकारच्या मनात आलं. सरकारच्या मनात असं काही आलं की सरकार स्वतः चालत येत नाही, शाळामास्तरला पाठवतं. अकोल्याच्या खजूरपुऱ्यासाठी शेषरावांची नेमणूक झाली. सतरा रकान्यांचे छापील तक्ते मिळाले, आणि जिभेला लावली की जांभळी उमटते ती शाईची पेन्सिल मिळाली. या पेन्सिलीने लिहिलेलं पुसलं जात नाही, असं पुंजारामने दोनदा बजावलं. शेषरावांना ती ताकीद न वाटता गौरव वाटला. अडतीस रुपये पगाराच्या दुय्यम मास्तरच्या हातचं एरवी सगळंच पुसलं जातं, कारण ते फळ्यावर असतं.

त्याच महिन्यात त्यांच्या मैनाला आपल्या मुलासाठी पाहायला अमरावतीचे सूर्यभानजी येऊन गेले होते. सूर्यभानजी समाजातलेच, पण आजोबांची फुलांची टोपली खाली ठेवून कापसाच्या दलालीत शिरलेले आणि हे दोन्ही शक्य तितक्या लवकर विसरलेले. चिवड्याची बशी संपवून त्यांनी सहज विचारलं होतं, "मास्तर, महिन्याचं कसं काय भागते?" शेषरावांच्या तोंडून निघून गेलं, "भागतं. सगळं धरून शंभराला टेकतं." सूर्यभानजी प्रसन्न झाले. "आमचं काई मांगनं नाई बापा. तुमच्या हैसियतीपरमानं द्या." शेषरावांना वाटलं, काय उमदा माणूस आहे! गोदाबाई आतून बशा उचलायला आल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की शंभराच्या गोष्टीचा हिशेब रात्रीच्या जेवणाच्या आत झाला.

"अडतीसचे शंभर काहून सांगतले?"

"अगं, पोरीच्या लग्नात थोडं सांगावं लागतं."

"थोडं? तुमी तं तिप्पट करून ठेवलं!"

मास्तरांनी तक्ते काढले आणि रकाने मोजायला लागले. सतराच होते.

पाहणीचा कराशी काही संबंध नाही, असं वरून आलेल्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र शेषरावांनी मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथेच घात झाला. कराचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं, ते पत्राने काढलं. जुने पेन्शनर नाझर महादेवराव पारावर बसलेले होते. त्यांनी चष्मा पुसला. "संबंद नाई असं जेव्हा सरकार लिहिते, तेव्हा संबंद असते. तीस वर्सं नोकरी केली मी." महिना पन्नासच्या वर कमाई असलेल्याला हैसियत कर बसत असे, आणि ज्याला तो बसे त्याला लोक हैसियतदार म्हणत. खजूरपुऱ्याने त्या संध्याकाळी एकमताने ठरवलं की असला मान आपल्याला नको.

महादेवरावांनी लोकांना आणखी एक शास्त्र शिकवलं. कमाई लपवून भागत नाही, खाणारी तोंडंही वाढवली पाहिजेत. म्हणजे माणशी भागाकार केला की उरते ती गरिबी. एरवी या मोहल्ल्यात पोरं मोजू नयेत असा दंडक, नजर लागते. मागच्या खानेसुमारीत चार पोरांची आई दोनच सांगायची. पण भागाकार कळला मात्र, नजरेची भीती पार पळाली. दुसऱ्या दिवशी शेषराव तक्ता घेऊन निघाले तेव्हा प्रत्येक ओसरीवर म्हाताऱ्या बसवलेल्या होत्या. बार्शीटाकळीची एक आत्या तर चार घरांत एकाच वेळी राहत होती. तिसऱ्या घरात तिने मास्तरांना ओळख दिली आणि चौथ्यात पाणी आणून दिलं. मास्तरांनी ती चारही वेळा लिहिली. विचारावं, सांगतील ते लिहावं, तपासू नये, असा नियम क्रमांक सहा होता.

ओमप्रकाश किराणावाला म्हणाला, दुकान भावाचं, भाऊ मारवाडात, मी आपला माशा हाकायला बसतो. महादेवरावांच्या घरात ग्रामोफोनवर गोधडी घातलेली होती आणि गोधडीवर नातू बसवलेला होता. तो उठायला लागला की सगळं घर त्याला दाबून बसवत होतं. गायी-म्हशींचं तर विचारू नका. त्या दिवसांत खजूरपुऱ्यातलं प्रत्येक जनावर पाहुणं आलेलं होतं.

अब्दुल सत्तार गाद्या-रजया भरणारा पिंजारी. कोपऱ्यावरच्या त्याच्या दुकानात लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसे. तो दारातच हात जोडून उभा राहिला. "मास्टरसाब, पिंजाऱ्याची कमाई म्हंजे कापूस. दिसाले ढीग, तोलाले छटाक. लिखो, महिने के बारा रुपये."

"सत्तारभाई, माझ्याच घरच्या रजईचे तुम्ही तीन घेतले."

"तीन? मग बारा में वोच तीन हैं. बाकी नऊ लिखो."

मास्तरांनी नऊ लिहिले.

मोहल्ल्याच्या टोकाला गंगूबाईचं घर. मोर्णा नदीच्या काठी तिचा भाजीचा मळा होता. मालकिणीचं वय पंचावन्न, आवाज पंचवीस माणसांचा. शेषरावांचे वडील आणि तिचे सासरे एके काळी शेजारी शेजारी वांगी लावत असत. पण शेषरावांनी ट्रेनिंग पास केल्यापासून ते तिला 'बाई' म्हणत आणि वांग्याच्या गोष्टी निघाल्या की हवापाण्यावर येत. गंगूबाईने कमाई सांगितली आठ रुपये. "पोरगा हाय, सहदेव. पन काय सांगू मास्तर, अंथरून सोडत नाई. दोन वर्सांपासून निजेल हाय."

याच वेळी सहदेव अंगणात बैलगाडीवर कोहळे चढवत होता. एकेक कोहळा मुलासारखा काखेत धरून तो गाडीवर ठेवी आणि मास्तरांकडे पाहून लाजून हसे. शेषरावांनी त्याच्याकडे पाहिलं, नियम क्रमांक सहा आठवला, पेन्सिल जिभेला लावली आणि चौदाव्या रकान्यात लिहिलं: 'सहदेव, वय बावीस, अंथरुणाला खिळलेला.'

एकविसाव्या दिवशी बासष्ट घरं संपली. मास्तरांची जीभ वांग्याच्या रंगाची झाली होती. त्रेसष्टावं घर त्यांचं स्वतःचं.

आता इथे त्यांच्या मनाची स्थिती समजून घेतली पाहिजे. सबंध मोहल्ला त्यांच्यासमोर भिकेला लागलेला होता. हे सगळे तक्ते कचेरीच्या फळ्यावर लागणार होते. सूर्यभानजी दर आठवड्याला कापसाच्या बाजाराला अकोल्यात येत. त्या फळ्यावर त्यांना 'शेषराव, अडतीस' दिसले तर? शेषराव खोटं बोलणारे नव्हते, म्हणून त्यांनी हिशेब मांडला. पगार अडतीस. शिकवणी सहा, मिळाली तर. घर स्वतःचं, नसतं तर भाडं बारा पडलं असतं, म्हणजे ते बारा मिळालेच. सासऱ्यांकडून वर्षाला ज्वारीचं पोतं आणि चांदूर बाजारच्या मेव्हण्याकडून संत्र्यांची टोपली. गोदाबाई स्वयंपाक करतात. स्वयंपाकीण ठेवली असती तर दहा. मैना शिवते, शिंपी पाच. शेषराव स्वतःची दाढी स्वतः करतात. असं करत करत ते एकशे दोनपर्यंत पोचले, आणि फुशारकी नको म्हणून शंभर लिहून थांबले.

पंधरा दिवसांनी फळ्यावर तक्त्यांच्या नकला लागल्या आणि सगळ्यांत वर हा कागद. 'खजूरपुरा: घरे ६३. माणसे १,१४२, पाच वर्षांपूर्वी ४१८. मोहल्ल्याची वस्ती पावणेतीन पटीने वाढली असून कमाई जवळजवळ नाहीशी झाली आहे. हैसियतदार १.' खाली एकट्या शेषरावांचं नाव होतं. ज्या पाहणीचा कराशी संबंध नव्हता त्या पाहणीवरून त्यांना वर्षाचे छत्तीस रुपये हैसियत कर बसला होता.

तेव्हापासून मास्तरांच्या दाराची कडी स्थिर राहिली नाही. तालमीची वर्गणी, गोरक्षणाची, गणपतीची, मोहरमच्या सबिलीतल्या सरबताची. एका सद्गृहस्थांनी तर धर्मशाळेला एक खोलीच बांधून मागितली; दारावर संगमरवरी पाटी लावू म्हणाले. आणि मोहल्ला! आठ-आठ रुपये सांगितलेली माणसं पारावर बसून हळहळत. "मास्तर लपेल रुस्तम निंगाला बापा," ओमप्रकाश म्हणे, आणि त्या दिवशी त्याने मास्तरांची उधारी बंद केली. शंभर कमावणाऱ्याला उधारी कशाला? हे मात्र शेषरावांच्या मनाला फार लागलं.

मग अमरावतीहून पत्र आलं. 'आपली हैसियत फळ्यावर समक्ष वाचून समाधान झाले. ठरल्याप्रमाणे आमचे मागणे काही नाही. आपल्या हैसियतीप्रमाणे रोख पंधराशे, दहा तोळे व मुलास सायकल.' खाली 'सायकल विलायती' असं बारीक अक्षरात होतं.

गोदाबाईंनी पत्र वाचून दिव्याखाली ठेवलं. मैना शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. घर गहाण टाकलं असतं तरी पंधराशे उभे राहिले नसते, हे तिघांनाही माहीत होतं. शेषराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घराचं काही करता येईल."

"घर इकून पोरगी इकत देता काय? हरकतीचा अर्ज लिवा. गरीब हाय म्हना. तेवढंच खरं हाय."

"अगं, फळ्यावर लागेल ते! सूर्यभानजी वाचतील."

"वाचू द्या नं."

अर्ज लिहिला गेला. पुंजारामने तो वाचला, उलटा करून पाहिला आणि नियम काढला. हैसियत कमी करून मागणाऱ्याने त्याच मोहल्ल्यातले दोन हैसियतदार साक्षीला आणावेत. कर न देणाऱ्याच्या शब्दाला वजन धरलं जात नाही.

"आणतो," शेषराव म्हणाले आणि मग थांबले.

पुंजारामने त्यांच्यापुढे त्यांचाच तक्ता सरकवला. "तुमच्या मोहल्ल्यात हैसियतदार येकच हाय, मास्तर. तुमीच. दुसरा तुमीच ठेवला नाई."

"पण हे सगळं खोटं आहे! महादेवरावांकडे ग्रामोफोन आहे!"

"तुमच्या सहीखाली नाई तसं. पुसता येते का पाहा." पुसता येत नव्हतं.

शेषराव दारोदार फिरले. महादेवरावांनी त्यांना एक तासभर सल्ला दिला, चार कायदे सांगितले आणि साक्षीचं म्हणताच छातीत कळ आली. ओमप्रकाशला भावाला मारवाडात विचारावं लागणार होतं. बार्शीटाकळीची आत्या परत गावी गेली होती, चारही घरांतून. संध्याकाळी मास्तर ओसरीवर बसले. या सगळ्या माणसांना आपण आपल्या हाताने गरीब केलं आणि आता एकही माणूस आपल्याला गरीब म्हणायला तयार नाही, या विचाराने त्यांना खरोखर रडू आलं. शेवटी उठून ते मोहल्ल्याच्या टोकाला गेले. मळा दिसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

गंगूबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग मी साक्ष द्याले काय कराव लागीन?"

"तुम्हाला... खरी कमाई लिहून द्यावी लागेल. मग कर बसेल."

"किती?"

"तीसेक रुपये. वर्षाचे."

तिने हातातली जुडी बांधून टोपलीत टाकली. "पोरगी तुमची गुनी हाय, मास्तर. तिच्यासाठी देतो. तुमच्यासाठी नाई. तुमी मले भेटता तं हवेची गोष्ट करता." मग घराकडे तोंड करून तिने हाक मारली आणि त्या हाकेने मोर्णेपलीकडची कुत्री उठली. "सहदेवा, जाय सत्तारभाईले घेऊन ये. दुसरा साक्षी लागते."

सत्तार आला. आधी खूप हसला, मग म्हणाला, "मैनाबेटी की शादी की रजई मीच भरणार हाय. लिखो मास्टरसाब, महिने के साठ. लेकिन नौ लिखा था वो किसीको मत बताना." ते फळ्यावर लागून दीड महिना झाला होता.

सुनावणीच्या दिवशी कचेरी भरलेली होती. खजूरपुरा आपल्या अकराशे बेचाळीस माणसांपैकी खऱ्या सगळ्यांसकट हजर होता. आणि पहिल्या बाकावर, लाल पागोटं घालून, सूर्यभानजी. ते सकाळच्या गाडीने साखरपुड्याची तारीख काढायला आले होते, आणि मास्तर कुठे आहेत हे त्यांना गोदाबाईंनी सांगितलं होतं, रस्त्याच्या वळणांसकट.

अर्ज ऐकणारे साहेब नागपूरकडचे होते. त्यांनी गंगूबाईला विचारलं, "हे गृहस्थ गरीब आहेत हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"साहेब, मी याह्यले भाजी देतो. सकाळची नाई घेत. दिवे लागले का यांची बायको नाई तं पोरगी येते, उरेल भाजी अर्ध्या भावात नेते. बारा वर्सं झाली. हैसियतवाला मानूस कोमेजेल पालक खाते काय?"

कचेरीत खसखस पिकली. शेषरावांनी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला सुरुवात केली.

"आपण काय सांगता?" साहेबांनी सत्तारला विचारलं.

"हुजूर, यांची एक रजई हाय. चौदा साल से वोच कापूस पिंजून देऊन राहिलो. अब उसमें कापूस कम, यादगारी जादा हाय. कोट भी उलटून शिवेल हाय, देख लो."

साहेबांनी खरंच पाहिलं. बारा वर्षांचा पालक, चौदा वर्षांची रजई आणि उलटा कोट सरकारी कागदावर चढले. इतकी वर्षं दार लावून, आवाज न करता केलेली सगळी काटकसर शेषरावांच्या डोळ्यांदेखत वाचून दाखवली गेली आणि त्यावर शिक्का बसला: 'अर्जदार गरीब असल्याचे सिद्ध. कर रद्द.' त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याचबरोबर, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, त्यांना मोकळा श्वास घेता आला.

पुंजारामने तिथल्या तिथे फळ्यावर नवा कागद डकवला. 'खजूरपुरा: हैसियतदार २. गंगूबाई, अब्दुल सत्तार.' सूर्यभानजी उठले, फळ्यापाशी गेले, चष्मा लावून वाचलं. शेषराव पुढे झाले, हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सूर्यभानजी त्यांच्या बाजूने निघून गंगूबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, आपन समाजातलेच. तुमच्या घरात लग्नाची पोरगी हाय काय?"

मैना आईजवळ दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला. ती रडते आहे असं शेषरावांना वाटलं. ती हसत होती.

"पोरगी नाई," गंगूबाई म्हणाली. "असती तरी फळा वाचून सोयरीक करनाराले दिली नसती. मले पोरगा हाय. त्याच्यासाठी मी फळा नाई पायला, बारा वर्सं पोरगी पायली." ती गोदाबाईंकडे वळली. "तुमी उरेल भाजी नेता नं, तिच्यावर ताज्या सांबाराची जुडी कोन ठेवते, माहीत हाय?"

"माहीत हाय, तुमचा सहदेव," गोदाबाई म्हणाल्या. "पोट्टीच म्हने रोज, आई, आज मी जातो."

सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरकडच्या साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी पुढचं प्रकरण पुकारायचं थांबवलं. शेषरावांच्या मनात मात्र वांगी, सासरे, ट्रेनिंग सर्टिफिकिट, हवापाणी असं सगळं एकदम आलं. दुय्यम मास्तरची मुलगी मळ्यात? मग त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. तिथे गंगूबाई हैसियतदार होती आणि ते शिक्क्यानिशी गरीब होते. त्यांनी मैनाकडे पाहिलं.

"मले चालते, बाबा," ती म्हणाली.

"हुंडा?" शेषरावांनी हळूच विचारलं.

"हैसियत माही हाय, मास्तर. देनं-घेनं मी पाहीन. पन एक काम तुमाले कराव लागीन." गंगूबाईने पुंजारामच्या टेबलावरचा जुना तक्ता त्यांच्यापुढे सरकवला आणि चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "माह्या पोराले अंथरुनावरून उठवा."

दाराशी सहदेव कोहळ्याची फोड हातात घेऊन उभा होता. शेषरावांनी खिशातून पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि पुंजारामकडे पाहिलं.

"पुसता येत नाई," पुंजाराम म्हणाला. "सिव्हिल सर्जनचा दाखला लागीन. आजारी मानसानं सोता खाटेवर येऊन तपासून घ्याव लागते."

पुढच्या सोमवारी अंथरुणाला खिळलेल्या सहदेवला खाटेवर घालून दवाखान्यात नेण्यात आलं. पुढच्या बाजूला सत्तार आणि ओमप्रकाश होते, मागे खाटेच्या एका खुराला महादेवराव. दुसऱ्या खुराला माणूस मिळत नव्हता, तो शेषरावांनी धरला.